डाव्या खांद्यावरची रायफल

रेवाचा फोन आला तेव्हा मी सीतापुऱ्यातल्या एका चादरींच्या कारखान्यात होतो. आगीत जळलेल्या आणि ती विझवताना भिजलेल्या मालाची पाहणी चालली होती. निवृत्त झालो तरी विम्याची अशी कामं अजून घेतो. रेवा माझ्या मित्राची, मुकुंद गावंडेची मुलगी. जन्मापासून जयपुरात वाढलेली, त्यामुळे तिचं मराठी अडखळत चालतं. "काका, बाबा गेले… मतलब, आत्ताच. आई काहीच बोलत नाहीये. तुम्ही येता?" येतो म्हणालो, फोन खिशात ठेवला आणि उरलेले गठ्ठे तपासून घेतले. असं का केलं ते आजही सांगता येत नाही. सात आठवडे आम्ही सगळे त्याच फोनची वाट बघत होतो, आणि तो आल्यावर मला रडू आलं नाही, नुसतं दमल्यासारखं झालं. सुपरवायझरनं न विचारता खुर्ची पुढे केली. तिच्यावर पाऊण तास बसलो आणि मग खातीपुऱ्याला, मुकुंदच्या घरी निघालो. याला आता सव्वा महिना झाला. तो थकवा काही उतरलेला नाही.

आम्ही दोघं एकाच वर्षी विमा कंपनीत लागून इथे आलो. मी मिरजेचा, तो अकोल्याचा. बनी पार्कात एका खोलीत दोन वर्षं राहिलो. मग लग्नं झाली, बदल्या झाल्या, आणि फिरून-फिरून दोघंही पुन्हा जयपुरात येऊन टेकलो. मुकुंद एका जागी बसणारा माणूस नव्हता. चहा उभ्यानं प्यायचा. मीटिंगमध्ये त्याचा पाय टेबलाखाली इतका हलायचा की समोरच्याचं पाणी हिंदकळायचं. अठ्ठेचाळिसाव्या वर्षी त्याला साखर निघाली, बीपी तर आधीपासून होतंच. डॉक्टर म्हणाले, जरा शांत बसायला शिका. त्याच सुमाराला ऑफिसातल्या कुणीतरी आम्हाला गावाबाहेर, टेकडीच्या पोटाशी असलेल्या नेमबाजीच्या रेंजवर नेलं. आम्ही गंमत म्हणून गेलो होतो. पहिल्या दिवशी मुकुंद क्लबची छोटी रायफल घेऊन पोटावर आडवा झाला आणि वीस मिनिटं त्याचा पाय हलला नाही. ते मी बघितलं. त्यालाही ते जाणवलं असावं, कारण उठल्या-उठल्या त्यानं पुढच्या रविवारची वेळ विचारून घेतली.

पन्नास मीटरवर वर्षभर शिकल्यावर त्याला लांबचं खुणावू लागलं. तीनशे मीटर. तिथे उभं राहून बघितलं तर निशाणाचं काळं वर्तुळ कपाळावरच्या टिकलीएवढं दिसतं. त्यासाठी मोठी रायफल हवी, आणि क्लबातली बहुतेक मंडळी परदेशी बनावटीच्या, दुर्बीण चढवलेल्या रायफली घेऊन यायची. आमच्यासारख्या नोकरदाराला परवडेल अशी एकच होती, देशातल्या कारखान्यात बनणारी, लाकडी दस्त्याची, दुर्बिणीऐवजी नळीवरच्या साध्या माशीनं नेम धरायची, तीनशे पंधरा बोअर. आधी परवाना. तो मिळायला पावणेदोन वर्षं लागली. चौकशीला घरी आलेल्या हवालदारानं विचारलं, "किसी से दुश्मनी है?" मुकुंद म्हणाला, नाही. "खेत हैं? जानवर आते हैं?" तेही नाही. "तो साहब, रायफल का करोगे क्या?" मुकुंदनं अगदी सरळ चेहऱ्यानं सांगितलं, "काग़ज़ में छेद।" हवालदारानं शरयूवहिनींकडे, मुकुंदच्या बायकोकडे, इतक्या किवेनं पाहिलं की चहा देताना त्यांना हसू आवरेना.

रायफल आली आणि पहिल्याच दिवशी आमचं तोंड उतरलं. शंभर मीटरवर पाच गोळ्या मारल्या, त्या परातीएवढ्या जागेत विखुरल्या. घोडा इतका जड की ओढताना सगळी रायफल हलायची. मी म्हटलं, ही विकून टाक, थोडं थांबून चांगली घेऊ. तेव्हा रतनसिंहजी मध्ये पडले. हे शेखावाटीतले निवृत्त सुभेदार, रेंजवर नव्या लोकांना शिकवायचे, तेही बिनबोभाट. त्यांनी रायफल हातात घेतली, दस्त्याचे दोन्ही स्क्रू तपासले. एक ढिला होता. तो आवळला आणि म्हणाले, "साहब, राइफल आप से अच्छी है। पहले इसके बराबर आइए।" मग त्यांनी शिकवायला घेतलं. श्वास अर्धा सोडून थांबायचं. घोडा ओढायचा नाही, दाबत न्यायचा, इतका हळू की गोळी सुटल्यावर आपल्यालाच दचकायला व्हावं. प्रत्येक गोळीनंतर नळी थंड होऊ द्यायची. गोळी कुठे लागली, वारा कुठून होता, ऊन किती होतं, सगळं वहीत लिहायचं. परवान्यावर काडतुसं मोजकी मिळायची, त्यामुळे घाई चालणारच नव्हती. एका सकाळी दहा गोळ्या, बस्स. मुकुंदची परात हळूहळू ताटलीवर आली, मग बशीवर. तीन हिवाळे गेले. मी त्याच्यापेक्षा लवकर शिकलो आणि त्याच्यापेक्षा लवकर कंटाळलोही. तो मात्र तीनशे मीटरवर पोचला, त्याच रायफलीनं.

मग त्याचा उजवा डोळा गेला. साखरेनं आतल्या पडद्यावर रक्त उतरलं होतं. लेसर झालं, इंजेक्शनं झाली, पण नजर परत आली नाही. हे त्यानं वहिनींनाही सगळं सांगितलं नव्हतं. मला कळलं ते रेंजवर. मी शेजारी बसलो होतो. त्यानं नेम धरला, गोळी सुटली आणि शेजारच्या माणसाच्या निशाणाखालच्या मातीत धूळ उडाली. त्यानं मला विचारलं, "लागली का रे?" घरी जाताना गाडीत मी त्याला म्हटलं, मुकुंदा, आता पुरे. तो खिडकीबाहेर बघत राहिला. पुढच्या रविवारी तो पुन्हा रायफल घेऊन आला. तेव्हा मी रेंजच्या सेक्रेटरीकडे गेलो आणि सगळं सांगून टाकलं. सगळ्यांच्या देखत त्याला उठवलं गेलं. डॉक्टरांचा दाखला आणल्याशिवाय गोळी झाडायची नाही. तो रायफल पिशवीत घालत होता, मान खाली. राग आला की त्याची अकोल्याची बोली वर यायची. "मले सांगाचं होतं ना बे. त्यायले काहून सांगितलं?" मी सांगितलं होतं ना गाडीत… पण तसं म्हणण्याची वेळ नव्हती ती. मी बरोबर होतो, हे आजही वाटतं. पण बरोबर असण्याचा काही उपयोग होत नाही. आठ महिने तो माझ्याशी बोलला नाही. त्या आठ महिन्यांत मी रेंजवर एकदाही गेलो नाही.

एके दिवशी त्याचाच फोन आला. आवाज नेहमीसारखा, जणू कालच भेटलो होतो. डावा डोळा चांगला आहे असा दाखला मिळाला होता. त्यानं डाव्या खांद्यावर रायफल घ्यायला शिकायला घेतलं होतं. रेंजनं परवानगी दिली होती, पण एका अटीवर, की दुर्बीण लावून गोळी कुठे जाते ते बघणारा माणूस प्रत्येक वेळी शेजारी हवा. "नियम तुझ्यामुळे झाला," तो म्हणाला, "आता तूच ये."

गेलो. पंचावन्नाव्या वर्षी तो पहिल्यापासून शिकत होता. रायफलीचा बोल्ट, म्हणजे काडतूस आत-बाहेर करायचा दांडा, उजव्या हातासाठी केलेला, त्यामुळे डाव्या खांद्यावरून मारायची तर प्रत्येक गोळीनंतर रायफल वाळूच्या पिशवीवर टेकवून, वरून हात नेऊन बोल्ट ओढायला लागायचा. पुन्हा शंभर मीटर, पुन्हा परात. क्लबातले लोक आधी बघायचे, मग बघेनासे झाले. रतनसिंहजी तेवढे एकदा जवळ येऊन त्याच्या डाव्या कोपराखालची चटई सरळ करून गेले. मी दुर्बिणीतून बघून सांगायचो: वर, दोन बोटं. डावीकडे. काळ्याच्या कडेला. तो वहीत लिहायचा. उन्हाळ्यात दहानंतर दुर्बिणीतून हवा वितळल्यासारखी दिसते, निशाण पाण्यात ठेवल्यासारखं हलतं. मग आम्ही थांबायचो आणि कडुलिंबाच्या सावलीत बसून वहिनींनी दिलेला डबा खायचो. फार बोलायचो नाही. मला वाटतं, त्याच्याबरोबर घालवलेला सगळ्यात चांगला काळ तोच होता, आणि तेव्हा मला त्याचा कंटाळाही यायचा, हेही खरं आहे.

दोन वर्षांनी तो डाव्या डोळ्यानं तीनशे मीटरवर आला. त्या सकाळी त्याच्या चार गोळ्या काळ्यात गेल्या. पाचवी गेली ती कागदाच्या बाहेर, मी स्वच्छ पाहिलं. त्यानं श्वास सोडून विचारलं, "हं?" मी म्हणालो, "काळ्यात." का म्हणालो… तो इतका घामाघूम झाला होता, इतका खूश दिसत होता. तासाभरानं कागद काढून आणला. त्यानं चष्मा लावून भोकं मोजली. चार. कागद उलटा करून बघितला. मग वहीत लिहिलेलं 'काळ्यात' खोडलं आणि माझ्याकडे न बघता म्हणाला, "मला एका डोळ्यानं दिसत नव्हतं. आज तू दुसराही झाकलास." घरापर्यंत एवढंच. दुसऱ्या रविवारी त्यानं मला नेहमीसारखा 'घ्यायला ये' म्हणून फोन केला. त्यानंतर मी त्याला कधी खोटं सांगितलं नाही. चुकलेली गोळी चुकली म्हणूनच सांगितली.

मूत्रपिंडं गेली ती यंदाच्या उन्हाळ्यात. आठवड्यातून तीनदा डायलिसिस. त्यातच हृदयानं साथ सोडायला सुरुवात केली. डॉक्टरांनी वहिनींना आणि मला बाहेर बोलावून सांगितलं की आता काही आठवड्यांचा प्रश्न आहे. वहिनी माझा हात धरून म्हणाल्या, "भाऊजी, त्यांना सांगू नका. त्यांना रेवाच्या लग्नापर्यंत आशा आहे." मी हो म्हटलं. आत गेलो तर त्यानं मशीनकडे बघतच विचारलं, "काय म्हणाले?" मी स्टूल ओढून त्याच्याजवळ बसलो. तो वाट बघत होता. घाई नव्हती त्याला, घाई करायचं तो कधीच विसरला होता. मग मी सांगितलं, डॉक्टरांनी सांगितलं तसंच. त्यानं डोळे मिटले. मशीनचा आवाज येत राहिला. थोड्या वेळानं म्हणाला, "बरं झालं तू बोलला." आणि मग, "रेवाला म्हणावं, तारीख अलीकडे घे."

वहिनी माझ्यावर चार दिवस चिडलेल्या होत्या. पण लग्न अलीकडे झालं. घरातच, वीस माणसांत. मुकुंद खुर्चीत बसून होता, अंगात नवा कुर्ता, तो खांद्यावर लोंबत होता. अक्षता टाकताना त्याचा हात बाजूला गेला आणि तांदूळ गुरुजींच्या डोक्यावर पडले. तो हसला. मी त्याला इतकं हसताना बऱ्याच वर्षांनी पाहिलं. त्यानंतर अकरा दिवसांनी तो गेला.

माणसाबरोबर शस्त्राचा परवानाही संपतो. रायफल घरात ठेवता येत नाही, ती ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करावी लागते. गेल्या आठवड्यात वहिनी आणि मी ते काम केलं. मृत्यूचा दाखला, परवान्याचं पुस्तक, अर्ज, अर्जाच्या प्रती, एका खिडकीतून दुसऱ्या खिडकीत. विक्रेत्यानं बोल्ट उघडून नळीतून उजेडाकडे पाहिलं आणि म्हणाला, "बहुत सँभाल के रखी है।" वहिनी म्हणाल्या, "हाँ।" पावतीवर सही करताना त्यांचं पेन चाललं नाही. माझं दिलं. बाहेर आल्यावर त्यांनी विचारलं, "भाऊजी, ती आता कुणाला देतील?" मला माहीत नव्हतं. मी तसंच सांगितलं.

त्यांना घरी सोडलं. चहा घेऊनच जा म्हणाल्या. खातीपुऱ्याचं ते घर लहान, बाहेरच्या खोलीत सोफा, दिवाण, मध्ये जेमतेम दोन माणसांची जागा. मुकुंद रोज संध्याकाळी ऑफिसातून आला की तिथेच, सोफा आणि दार यांच्या मधे, पोटावर आडवा व्हायचा. रिकाम्या रायफलीनं समोरच्या भिंतीवरच्या काळ्या ठिपक्यावर अर्धा तास नेम धरून राहायचा. ऑफिस सुटलं, तरी ती वेळ सुटली नव्हती. त्या वेळात घरातली माणसं, पाहुणे, कामाच्या बाई, सगळे त्याला वळसा घालून जायचे. त्या कोपऱ्यातल्या फरशीची चकाकी गेली आहे, कोपरं टेकायची तिथे दोन फिक्कट गोल उमटले आहेत. मी दिवाणावर बसलो होतो. संध्याकाळचे साडेसहा झाले असतील. वहिनी स्वयंपाकघरातून चहाचा ट्रे घेऊन आल्या, सोफ्याजवळ थबकल्या, साडी जरा आवरून धरली, आणि रिकाम्या फरशीला भिंतीकडून वळसा घालून माझ्यापर्यंत आल्या.