नंदाची पांदण

शेवटच्या संध्याकाळी आम्ही दोघं ओसरीवर बसून तुरीच्या ओल्या शेंगा सोलत होतो. दुसरं काही नाही. भेटायला येणारे विचारतात, जाताना काय बोलली, काही सांगून गेली का. तर तिला सोले भात खायचा होता, म्हणून मी धुऱ्यावरच्या, म्हणजे बांधावरच्या शेंगा तोडून आणल्या आणि सूप मधे घेऊन बसलो. नंदा माझी एकुलती एक लेक. एकेकाळी शंभर मीटरमध्ये देशात पहिली आलेली, आणि पुढे दुसऱ्या देशाकडून पळालेली. अंगात दुखणं होतं, डोक्यावरचे केस गेले म्हणून लोकरीची टोपी होती, पण शेंगा सोलतानाही तिला माझ्या पुढे जायचं होतं. माझी मूठ भरायच्या आत तिचा ढीग व्हायचा.

"बाबा, मायनं माह्या लग्नात घेतलेलं हिरवं लुगडं आहे का अजून?" मधेच तिनं विचारलं.

"आहे ना. पेटीत आहे, डांबरगोळ्या टाकून."

"नेऊ का मी?"

"ने. तुह्यंच आहे. पन तुले कुठं नेसता येते नऊवारी?"

"मार्क नेसवन," ती म्हणाली आणि हसली. मीही हसलो. मार्क म्हणजे आमचा जावई, दारातून वाकून येणारा गोरा माणूस. तो नऊवारी नेसवतो आहे असं डोळ्यांपुढे आलं आणि मला ठसका लागला. सकाळी गाडी आली, नंदा नागपूरला विमानाकडे गेली. लुगडं तिच्या पिशवीत होतं.

आमचं शेत रोहणा गावाच्या बाहेर आहे. शेताकडे जायला पांदण आहे, म्हणजे दोन्हीकडे धुरे, धुऱ्यावर बाभळी, आणि मधून बैलगाडी निघेल एवढी वाट. विहिरीपासून नाल्यापर्यंत ती पांदण दोरी धरल्यासारखी सरळ आहे. तिथं नंदा पळायला शिकली. आधी वासराच्या मागे पळाली, मग शाळेतल्या मास्तरांनी सांगितलं म्हणून पळाली. पायात काही नसायचं. पुढे बूट मिळाले तरी पांदणीत ती अनवाणीच पळायची, म्हणायची की मातीत पाय मोकळे होतात. बाभळीखालची वाट, काटे तर असणारच. म्हणून मी तिच्या आधी उठून टोपलं घेऊन जायचो, काटे वेचायचो, खडे उचलायचो आणि मग चप्पल काढून एकदा स्वतः चालून पाहायचो. मला टोचलं नाही तर तिला टोचणार नाही. मला पळण्यातलं काही कळत नव्हतं. मी चौथी शिकलेला माणूस, घड्याळ धरून उभं राहणं मास्तरांचं काम. ती पळून आली की मी एवढंच विचारायचो, "काटा त नाई टोचला?"

"नाई बाबा, साफ होतं."

हा आमचा पायंडाच पडला. वर्ध्याला जिल्ह्यात पहिली आली तेव्हा हेच विचारलं. पुण्याला गेली, पतियाळ्याला गेली, तिथून फोन यायचा तेव्हाही हेच. तिच्या मायला राग यायचा. "पोरगी देशात पहिली आली आन हा मानूस काटे विचारून राह्यला." पण नंदाला ते चालायचं. पुढे तिला रेल्वेत नोकरी लागली, भारताची निळी बनियान मिळाली, ती घालून ती परदेशात पळाली. गावच्या फाट्यावर स्वागताची कमान लागली. ज्या बाया आधी म्हणायच्या की पोट्टीला एवढं पळवून सासरी कोणाच्या पुढं पळवायचं आहे, त्याच बाया आरती घेऊन उभ्या राहिल्या. मला कोणी माळ घातली तर मी ती काढून बैलाच्या गळ्यात टाकली. फोटोत बैलच चांगला आला.

मग तिची मांडी गेली. सराव करायला काही पोरींना बेल्जियमला पाठवलं होतं, तिथं पळता पळता मागची नस तुटली. तिथल्या दवाखान्यात पायांचा व्यायाम करून घेणारा जो माणूस होता, तो मार्क. बाकीच्या पोरी परत आल्या, ही काही दिवस तिथंच राहिली, मग काठी टेकत आली. पुढच्या वर्षी भारताच्या संघाची यादी लागली तर तिचं नाव नव्हतं. कोणी साहेब म्हणाले की हिचं वय झालं, आता नवीन पोरींना जागा द्या. तिनं भांडण केलं नाही. घरी आली, पांदणीच्या तोंडाशी बसली आणि मला म्हणाली, "बाबा, पाय माहा आहे. मले मालूम आहे तो बरा होते का नाई." मी टोपलं घेऊन काटे वेचायला गेलो. ती हळूहळू चालायला लागली, मग धावायला. मधल्या काळात मार्कचे फोन चालूच होते. तो तिकडून पायाला काय करायचं ते सांगायचा आणि ही पांदणीत करायची. एक दिवस म्हणाली, मी त्याच्याशी लग्न करते. मी विचारलं, "मानूस कसा आहे?" म्हणाली, "दुखते तिथंच हात ठेवते, बाकी नाटक करत नाई." मला ते पटलं.

लग्न इथंच झालं. मार्कला हळद लावली तेव्हा तो प्रत्येक गोष्टीला "काऊन?", म्हणजे "का?", विचारायचा. मराठीतला तेवढा एकच शब्द त्याला आधी आला, आणि तोही आमचा. काऊन हळद, काऊन अक्षता, काऊन मामा मागं उभा. नंदा त्याला त्यांच्या भाषेत सगळं समजावून सांगायची. पुढे तो तिच्याकडून बोलायला शिकला, ते असं शिकला की पुण्याच्या माणसाला कळणार नाही पण रोहण्यात कोणाशीही गप्पा मारेल.

लग्नानंतर बेल्जियमला ती एका क्लबकडून पळायला लागली. पाय बरा झाला, वेळ पहिल्यासारखी आली. मग त्या लोकांनी म्हटलं, आमच्या देशाकडून पळ. तिनं मला फोन केला. "बाबा, इथला पासपोर्ट घेतला तं आपला परत द्या लागते."

मला राग आला. मी म्हणालो, "मंग इथं येशीन तं पाहुनी म्हनून येशीन?"

ती म्हणाली, "लगन झाल्यापासून मी पाहुनीच आहे ना बाबा. गावातच पाह्यना, चार दिवस राह्यली की शेजारचे विचारते, परत कधी जातं."

तिनं पासपोर्ट परत दिला. त्यानंतर माहेरी यायला तिला व्हिसा काढावा लागायचा.

गावात बोलणं झालंच. पानठेल्यावर एक जण म्हणाला, "महादेवभाऊ, तुमची पोट्टी तं विदेशी माल झाली." मी त्याला विचारलं, तुझ्या हातातला मोबाईल कोणत्या गावचा आहे. त्यानं मोबाईल खिशात टाकला. पण खरं सांगतो, ती बेल्जियमची लाल बनियान मला कधी आवडली नाही. निळ्यात नंदा लांबून दिसायची. लाल रंगात तिला शोधावं लागायचं. मी कोणाला बोललो नाही. तिच्या मायला माहीत होतं.

मग ती मोठी शर्यत आली, जगातल्या सगळ्या देशांची. आमच्या घरी टीव्हीपुढं लोक जमले. नंदा लाल बनियानमध्ये उभी, आणि तिच्या शेजारच्या पट्ट्यात भारताची पोरगी, निळ्या बनियानमध्ये. शेजारचा किसना खोडकर माणूस, तो तिच्या मायला म्हणाला, "वहिनी, नारळ कोनाच्या नावानं फोडाचा आता? पोरीच्या का देशाच्या?"

तिची माय भाकरीच्या पिठाचे हात तसेच घेऊन दारात आली. "किसनाभाऊ, मी वडनेरची. तिथं मी सुभद्रा होती. तुमच्या गावात आली तं ताटातल्या तांदळावर नवं नाव लिहिलं, शांता. आडनाव बदललं, गाव बदललं, कुळाचा देवबी बदलला. कोनं मले वडनेरची गद्दार म्हटलं काय? उलट तुमची मायच म्हने, बाई चांगली रुळली. माह्या पोरीनं तं निसती बनियान बदलली."

किसना म्हणाला, "तसं नाई वहिनी... मंग नारळ?"

"दोघींच्या नावानं फोड. दोघीबी पडल्या नाई पाह्यजे."

बाया हसल्या, माणसं खाली पाहायला लागली. त्या खोलीत जेवढ्या बाया होत्या, सगळ्या कुठून ना कुठून नाव बदलून आलेल्या. हे आधी कधी माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. मी जन्मापासून एका नावानं, एका घरात. मला बदलायला कोणी सांगितलंच नाही, मग माझ्या एकनिष्ठपणाचं कौतुक ते काय... बंदूक वाजली. माझ्या तोंडून कोणाचंच नाव निघालं नाही, मुठी तेवढ्या वळल्या होत्या. नंदा तिसरी आली, पुढच्या फेरीत गेली. ती निळी पोरगी मागे राहिली. नंदा गुडघ्यावर हात ठेवून उभी होती, मग तिच्याकडे गेली, वाकून काहीतरी बोलली आणि ती पोरगी रडता रडता हसली. फोन आला तेव्हा मी आधी नेहमीचं विचारलं. ती म्हणाली, साफ होतं. मग विचारलं, "त्या पोरीले काय म्हनली?"

"तेच. कांटा तो नहीं चुभा, म्हटलं. तिले वाटलं ही बाई पागल झाली."

त्या लाल बनियानीत ती युरोपच्या स्पर्धेत दुसरी आली. मेडल घेऊन घरी आली तेव्हा तिच्या मायनं ते देवघरात ठेवलं, भारताच्या मेडलांच्या रांगेत. मी म्हटलं, हे तिथं काऊन? तर म्हणाली, "देवाले कुठं झेंडा वाचता येते." ते अजून तिथंच आहे. पुढे नंदानं पळणं सोडलं आणि तिकडच्या लहान पोरांना शिकवायला लागली. आमच्याकडे आली की पांदणीत एकदा चक्कर व्हायचीच, पण आता चप्पल घालून.

तिची माय गेली तेव्हा नंदाला पोचायला तिसरा दिवस उजाडला. आल्यावर तिनं पहिलं विचारलं, मायले काय नेसवलं. मी सांगितलं, वडनेरहून तुझा मामा हिरवं लुगडं घेऊन आला होता, तेच. आमच्यात सवाष्ण गेली की अंगावरचं शेवटचं कापड माहेराहून येतं. बाप आणतो, बाप नसला तर भाऊ. त्याशिवाय बाईला उचलत नाहीत. मार्कनं विचारलं, "काऊन?" नंदा त्याला बाहेर ओट्यावर घेऊन बसली आणि बराच वेळ सांगत राहिली. तो ऐकत होता आणि माझ्याकडे पाहत होता.

या थंडीत ती आली ती शेवटची. आजार काय आहे ते तिला माहीत होतं, मलाही सांगितलं होतं. आम्ही त्यावर बोललो नाही, शेंगा सोलल्या. ती परत गेल्यावर महिनाभर रोज फोन यायचा, मग आवाज बारीक होत गेला, मग मार्कच बोलायचा. एक दिवस दुपारी त्याचा फोन आला, चेहरा दिसतो तसला. म्हणाला, "बाबा... नंदा गेली." आणि फोन तिच्याकडे फिरवला.

तिच्या अंगावर हिरवं लुगडं होतं. निऱ्या एका बाजूला गेल्या होत्या, पदर भलतीकडूनच आला होता, पण नेसवलेलं होतं.

"मी नेसवलं," मार्क म्हणाला. "तिनं मोबाईलवर पाहून शिकवलं होतं मले. बराबर नाई झालं, बाबा."

तेव्हा मला कळलं, त्या संध्याकाळी तिनं माझ्याकडे काय मागितलं होतं. बापानं घेऊन जायचं असतं. हा बाप कुठून जाणार होता, त्याच्याजवळ कोणत्याच देशाचा पासपोर्ट नाही. म्हणून माहेरचं शेवटचं कापड ती माझ्याकडून मागून, आपलं आपणच घेऊन गेली.

मी म्हणालो, "चांगलं झालं. बराबर झालं."

मग तो म्हणाला, क्लबचे लोक आले आहेत. त्यांनी तिची लाल बनियान आणली आहे, तिच्यावर ठेवायची म्हणतात. मी थांबवलं आहे. "तुमी सांगा. नाई म्हनाल तं नाई."

त्याच्या मागे माणसं दिसत होती, टोप्या हातात धरून उभी. म्हातारी माणसं, लहान पोरं, एक पोरगी हुंदके देत होती. ती नंदाकडे पळायला शिकत असेल. ती सगळी माझ्या उत्तराची वाट पाहत होती, रोहण्यातल्या एका म्हाताऱ्याच्या. मी लुगड्याकडे पाहिलं. बनियानीकडे पाहिलं.

"ठेवा," मी म्हणालो. "लुगड्याच्या वरून ठेवा. कमावली आहे तिनं."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी टोपलं घेऊन पांदणीत गेलो. आता तिथून ट्रॅक्टर जातो, काटे कोणी पाहत नाही, सगळे बूट घालतात. विहिरीपासून सुरुवात केली. कंबर धरली की बाभळीला टेकून बसायचो आणि पुन्हा उठायचो. ऊन वर आलं. किसना ट्रॅक्टर घेऊन आला, मला पाहून त्यानं इंजिन बंद केलं.

"कोन येऊन राह्यलं, भाऊ?"

मी पुढचा काटा उचलून टोपल्यात टाकला. तो खाली उतरला आणि नाल्याच्या बाजूनं वेचायला लागला. मधे आमची गाठ पडली. मी टोपलं धुऱ्याच्या पलीकडे रिकामं केलं, चपला काढून हातात घेतल्या आणि विहिरीपासून नाल्यापर्यंत अनवाणी चालत गेलो.

कुठंच टोचलं नाही.