ऐसपैस वकील

कायद्याचा अर्थ सांगायची वेळ आली की ते पुस्तक मिटून ठेवत. बाकीचे वकील अशा वेळी पुस्तक उघडतात, खुणेचे कागद काढतात, ओळीवर बोट ठेवून वाचतात. हे गृहस्थ कलम एकदा मोठ्याने वाचत, पुस्तक टेबलावर मिटून ठेवत आणि शांतपणे विचारत, "साहेब, हा शब्द इथे कुणासाठी आणून बसवला?" मग पुढचा अर्धा तास तो शब्द कोर्टात मांडी घालून बसे आणि माझ्यासारख्याला उभं राहायलाही जागा उरत नसे. कल्याणच्या कोर्टात सगळे त्यांना ऐसपैस वकील म्हणत. अंगाने मात्र इतके सडपातळ, की काळा कोट त्यांनी घातलाय की खुंटीला टांगलाय, असा प्रश्न पडावा.

मी बहुतेक वेळा समोरच्या बाजूला असे. माझे पक्षकार घरमालक, आणि माझा स्वभाव लिहिलंय तेवढंच वाचण्याचा. शब्दाबाहेर पाय काढायचा नाही, हे माझं मत तेव्हा होतं आणि बरंचसं आजही आहे. ते मला चिक्कूशेठ म्हणत. "अर्थ जरा सैल केला तर तुमच्या खिशातून काही जातं का हो, चिक्कूशेठ?" मी म्हणायचो, "तुमच्या हातात घटस्फोटाचा कायदा दिला तर तुम्ही त्यातून लग्न लावून द्याल." यावर ते मनापासून हसत आणि चहा सांगत.

टेंभी नाक्याजवळच्या एका खोलीचा दावा ठाण्याच्या कोर्टात होता. खोली राहण्यासाठी भाड्याने दिलेली, आणि भाडेकरू विधवा बाई आत पोळ्या लाटून विकायची. नवरात्रात नाक्यावर गर्दी उसळली की तिच्या दाराशी गिऱ्हाइकांची रांग लागे. मी म्हटलं, राहण्यासाठी म्हणजे राहण्यासाठी; धंदा केला, खोली सोडा. ऐसपैस वकील उठले, पुस्तक मिटलं. "साहेब, राहणं म्हणजे नुसतं अंथरूण टाकणं का? माणूस राहतो म्हणजे जेवतो, आणि जेवायचं तर कमवायला हवं. या बाईचं पोट त्या पोळपाटावर आहे. तो उचलायला लावलात तर ती तिथे राहणार कशी?" बाईची खोली वाचली. बाहेर आल्यावर माझा घरमालक माझ्यावरच घसरला, "कायदा आपल्या बाजूने आहे म्हणालेलात ना? मग हे काय झालं?" तेवढ्यात बाई आली आणि दोन्ही वकिलांच्या हातात पोळ्यांचं एकेक पुडकं ठेवून गेली. मी माझं घरी नेलं. पोळ्या चांगल्या होत्या.

हा ऐसपैसपणा मात्र फक्त कायद्यापुरता. स्वतःच्या तोंडच्या शब्दाला ते जराही सवलत देत नसत. 'बघू', 'जमलं तर', 'येतोच' ही आपली रोजची भाषा. त्यांच्या तोंडी ती कधी आली नाही. ठाकुर्लीच्या एका पक्षकाराला ते म्हणाले होते, "रविवारी येईन आणि सकाळभर थांबेन." पक्षकार विसरून सहकुटुंब लग्नाला निघून गेला. हे त्याच्या बंद दारासमोर पायरीवर दुपारपर्यंत बसून राहिले. दुसऱ्यांकडूनही त्यांची हीच अपेक्षा. 'मला तसं म्हणायचं नव्हतं' असं कुणी म्हणालं की ते विचारत, "मग तसं म्हणालात कशाला?" मी एकदा चिडून बोललो, "कोर्टात एवढे उदार, मग इथे का असे?" तर म्हणाले, "कायदा दुसऱ्याने लिहिलेला असतो. त्याच्या मनात काय होतं ते शोधावं लागतं. माझ्या मनात काय आहे ते मला ठाऊक असतं."

छप्पन साली, ऐन विशीत, त्यांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली होती. त्याबद्दल ते फार बोलत नसत. आंबिवलीला त्यांचं दोन खोल्यांचं घर होतं. बायको लवकर गेली. घरात ते आणि त्यांची एकुलती एक मुलगी, सुजाता. पोर बापासारखीच सडपातळ, बापासारखीच नेमकं बोलणारी.

ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला सुजाता केंद्र सरकारच्या एका खात्याची परीक्षा पास झाली. अनुसूचित जातीच्या राखीव जागेसाठी दाखला हवा होता, आणि तिथे गाडं अडलं. केंद्राच्या तेव्हाच्या नियमात अनुसूचित जातीचा माणूस म्हणजे हिंदू, नाहीतर शीख. बौद्ध झालात की केंद्राच्या लेखी तुमची जात संपली. राज्य सरकार नवबौद्धांना सवलत देत होतं, पण राज्याच्या परीक्षेत सुजाताचा नंबर थोडक्यात हुकला होता. हाताशी आलेली नोकरी ही एकच. पुष्कळ घरांनी मुलांच्या शाळेत जुनीच नोंद राहू दिली होती. त्यात लबाडी नव्हती, पोटाची काळजी होती. यांनी मात्र मुलीच्या नावापुढे बौद्ध असं लिहिलं होतं.

दाखल्याच्या कचेरीत त्या बापलेकींबरोबर मीही गेलो. तिथला कारकून भला माणूस. म्हणाला, "वकीलसाहेब, तुमच्या स्वतःच्या जुन्या दाखल्यावर हिंदू आहे ना? मग आम्ही हिंदू आहोत असं एक प्रतिज्ञापत्र करून द्या. दुपारपर्यंत काम करून देतो."

त्यावर त्यांनी जे भाषण केलं, तसं मी त्यांच्या तोंडून कुठल्याही कोर्टात ऐकलं नाही. "अहो, जात काय देवळात मिळते, म्हणून देव सोडला की जाते? गावाच्या विहिरीवरून माझ्या बापाला ज्यांनी हाकललं, ते माझा धर्म विचारून हाकलणार होते का? हा नियम ज्या माणसासाठी केला तो माणूस मीच आहे. नीट बघा माझ्याकडे." कारकून बिचारा मान खाली घालून म्हणाला, "मला पटतंय हो सगळं. पण वरून जे आलंय त्याच्यापुढे माझं काही चालत नाही."

मी त्यांना बाजूला घेतलं. आयुष्यात पहिल्यांदा मी त्यांना ऐसपैस अर्थ सुचवला. म्हटलं, "हिंदू विवाह कायद्यात हिंदू या शब्दात बौद्धही धरलेत. तेवढाच अर्थ मनात ठेवा आणि सही करा."

ते माझ्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "चिक्कूशेठ, तो अर्थ कायद्याचा. मी हजारो माणसांत उभं राहून, हात जोडून शब्द दिला तेव्हा कुठलं कलम मनात धरलं नव्हतं."

सुजाता मागेच उभी होती. ती आवाज न चढवता म्हणाली, "अप्पा, सगळ्या कल्याणसाठी शब्द मोठे करता. माझ्यासाठी एकच करायचा होता."

"तो माझा शब्द आहे, सुजाता."

"आणि नोकरी माझी होती."

सुजाता सज्ञान होती, पदवीधर होती. प्रतिज्ञापत्र तिला स्वतःलाही करता आलं असतं. तिने ते केलं नाही. का केलं नाही, हे तिला कुणी विचारलं नाही. आम्ही सगळे धरून चाललो, की बापापुढे पोरीचं काय चालणार.

नोकरी गेली. वरच्या कचेऱ्यांकडे त्यांनी अर्जामागून अर्ज केले, सगळे परत आले. सुजाता कल्याणला एका खाजगी क्लासात शिकवू लागली. बापलेक एकाच घरात राहत, पण कामापुरतंच बोलत. ते मला सांगत, "जेवायला वाढते, औषधाची आठवण करते. बाकी काही नाही." कोर्टात ते पूर्वीसारखेच पुस्तक मिटून उभे राहत. पण युक्तिवाद संपला की पटकन बसून घेत, आणि हसणं जवळजवळ थांबलंच होतं. मला ते बघवत नसे.

नव्वद साली कायदा बदलला आणि अनुसूचित जातींत बौद्धही आले. बाररूममध्ये कुणीतरी पेढे वाटले. ऐसपैस वकिलांनी पेढा घेतला आणि तसाच हातात धरून माझ्या टेबलाशी आले. दुसऱ्या हातात नव्या दुरुस्तीचा कागद होता.

"हे तुम्ही वाचा. तुमच्या पद्धतीने वाचा. ज्यांचं वय मधल्या काळात उलटून गेलं, त्यांच्यासाठी यात काही आहे का?"

मी वाचलं. पुन्हा वाचलं. कुठे फट दिसते का, हे मी जन्मात पहिल्यांदा इतक्या आशेने बघत होतो. फट नव्हती. सवलत धरूनही सुजाताचं वय पुढे गेलं होतं.

"नाही," मी म्हटलं. "इथून पुढच्यांसाठी आहे."

"मलाही तेच दिसलं. पण मुलगी आहे ना, म्हणून माझ्या डोळ्यांवर भरवसा नव्हता." कागदाची घडी घालून ते घरी गेले. त्या दिवशी मला माझ्या वाचनाचा मनापासून राग आला.

त्याच हिवाळ्यात एका सकाळी ते घरीच वारले. हृदय थांबलं. मी आंबिवलीला पोचलो तोवर घर माणसांनी भरलं होतं. संध्याकाळी सगळे पांगल्यावर सुजाता माझ्यासमोर येऊन बसली.

"काका, कायदा बदलला त्या दिवशी अप्पा घरी आले आणि म्हणाले, 'मी चुकलो नाही, पण नुकसान तुझं झालं. तुझ्या हातची नोकरी मी काढून घेतली.' मी उठले आणि कुकर लावला. सही मलाही करता आली असती. मी केली नाही ती त्यांच्या धाकाने नाही. मलाच करायची नव्हती. राग होता तो या गोष्टीचा, की त्यांनी मला विचारलंच नाही. हे त्यांना सांगायचं होतं. म्हटलं, सांगू सावकाश."

मी काहीतरी धीराचं बोलायला हवं म्हणून म्हणालो, "अगं, बाप होता तो तुझा. न सांगताच त्यांना कळलं असेल."

सुजाताने मान हलवली.

"नाही काका. अप्पा न बोललेलं धरत नसत."