सहाव्या तारेचा नट

सीलबाईंना गोड बोलता येत नाही, असं त्यांच्या खात्यात सगळेच म्हणत, आणि ते खोटंही नव्हतं. पाण्याचे मीटर तपासण्याच्या खोलीत त्यांनी सव्वीस वर्षं काढली होती. कुणीतरी येऊन मीटर जास्त पळतोय म्हणायचा, साहेब म्हणायचे हा थापा मारतोय, आणि मीटर येऊन पडायचा सीलबाईंच्या टेबलावर. त्या आधी त्याचं शिशाचं सील निरखून बघणार, मग ते कापणार, मीटर नळीला जोडून त्यातून मोजून शंभर लिटर पाणी सोडणार आणि काटा काय म्हणतो ते कागदावर लिहिणार. बहुतेक वेळा तक्रार करणारा थापाडा निघे. कधीतरी मीटरच थापाडा निघे. त्या दिवशी साहेबांच्या पुढ्यात कागद आपटताना सीलबाईंचा चेहरा बघण्यासारखा असायचा.

अशा बाईच्या पदरी नवरा पडला तो मात्र लोण्याचा गोळा. दुकानांच्या पाट्या रंगवणारा माणूस. अक्षर असं की दुकान चालो न चालो, पाटी बघायला लोक थांबावेत. सगळं गाव त्यांना दादा म्हणे. दादांना एकच वेड होतं, पेडल स्टील गिटारचं. हे वाद्य छातीशी धरून वाजवत नाहीत. ते टेबलासारखं चार पायांवर आडवं उभं असतं आणि त्याच्यापुढे स्टुलावर बसायचं. दहा तारा. डाव्या हातात पोलादाची गुळगुळीत कांडी, ती तारांवरून सरकवायची. उजव्या हाताच्या बोटांत नख्या घालून तारा छेडायच्या. पायाशी पेडल. पेडल दाबलं की ठरलेली तार ताणली जाते आणि सूर वळत वळत वर चढतो. कुठल्या तारेने किती चढायचं, ते वाद्याच्या कडेला बसवलेले बारीक नट ठरवतात. वाजवणाऱ्याने फक्त पेडल तळापर्यंत न्यायचं, एवढंच.

ते नट बसवणारा गावात एकच, दादांचा धाकटा भाऊ. सीलबाईंचे भाऊजी. वाद्यदुरुस्तीचं दुकान त्यांचं, हात सोन्याचा आणि जीभ कात्रीची. हौशी वाजवणाऱ्या दहा-अकरा जणांचं मंडळ त्यांनीच काढलं. फर्निचरच्या दुकानावरची लांबट खोली, महिन्याचा पहिला रविवार, दुपारी चार. एकाने वाजवायचं, बाकीच्यांनी प्रत्येकी एक दोष सांगायचा. कौतुकाला सक्त बंदी. "कौतुक घरी करून घ्या, इथे कामाचं बोला," असं भाऊजींचं म्हणणं. जोवर स्टुलावर बसलाय तोवर वाजवणाऱ्याने उत्तर द्यायचं नाही. निवृत्त पोस्टमास्तर सगळे दोष एका जाड वहीत लिहून घेत, आणि त्या वहीत एकदा लिहिलेलं कधी खोडलं जात नसे.

त्या वहीत दादांच्या नावापुढे चार वर्षं एकच वाक्य होतं. पाय चोरतो. मधलं पेडल तळापर्यंत दाबत नाही, म्हणून सहावी तार केसभर खाली राहते, असा त्याचा अर्थ. बाकीच्यांचे दोष बदलत गेले. कुणाची कांडी वाकडी पडे, कुणी घाई करी, कुणाच्या नख्या खरखरत. दादांचा दोष मात्र लग्नाच्या बायकोसारखा त्यांच्याबरोबर राहिला. भाऊजी तो सांगत तेव्हा वर काहीतरी जोडतही. "दादा, अरे पेडल आहे ते, पाहुण्याचा पाय नाहीये हळूच टेकवायला." खोली हसायची. दादाही हसायचे, कारण धाकट्या भावाच्या कानाचा त्यांना केवढा अभिमान. लहानपणी त्याला सूर ओळखायला आपणच शिकवलं, हे ते पाटी रंगवता रंगवता गिऱ्हाइकांनाही सांगत.

घरी येऊन मात्र ते हसत नसत. डाव्या बुटाला त्यांनी चांभाराकडून जाड तळवा ठोकून घेतला. पेडलाखालची सतरंजी झिजून भोक पडलं. पोटरीला गोळे येत, ते चोळत बसत आणि पुन्हा स्टुलावर चढत. शेवटी एका रविवारी ते मंडळात गेलेच नाहीत. वाद्य पेटीत गेलं, पेटी पलंगाखाली गेली. वर्षभराने एका दुकानाच्या शिडीवरून उतरताना दादांच्या छातीत कळ आली आणि दादाही गेले.

त्यांच्या शोकसभेला मंडळ झाडून आलं. भाऊजी बोलायला उभे राहिले, डोळे भरलेले होते, खोटे नव्हते ते. "माझा भाऊ म्हणजे देवमाणूस," ते म्हणाले, "पण पाय चोरायचा बरं का." लोक रडता रडता हसले. सीलबाई हसल्या नाहीत. त्यांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. मेलेल्या माणसाच्या नावावर एक वाक्य कायमचं चिकटलंय आणि ते खरं की खोटं हे कुणी तपासलेलं नाही, हे त्यांना त्या खुर्चीवर बसल्या बसल्या कळलं. ते तपासायचं, आणि खोटं निघालं तर भाऊजींच्याच तोंडून, त्याच खोलीत, त्याच वहीत दुरुस्त करून घ्यायचं, एवढं त्यांनी ठरवलं.

दुसऱ्या आठवड्यात त्यांनी पेटी ओढून बाहेर काढली. वाजवायला शिकल्या त्या पोस्टमास्तरांकडे, शनिवारी दुपारी. शिकवताना पोस्टमास्तर म्हणाले, "बाई, या वयात हे कशाला?" सीलबाई म्हणाल्या, "तुम्ही शिकवा. कशाला ते मी बघते." बोटं जाड, कांडी निसटायची, नख्यांनी बोटं सोलायची. पाच महिन्यांनी दादा नेहमी वाजवायचे ती एक संथ चाल त्यांना कशीबशी यायला लागली. आणि दादांची सहावी तार होती तिथेच, केसभर खाली.

त्यांनी पाय दाबून पाहिला. दोन्ही पाय दाबून पाहिले. मग कामावर करतात तेच केलं. सूर मोजायचं काट्याचं यंत्र जोडलं आणि पाण्याने भरलेला वीस लिटरचा कॅन पेडलवर ठेवला. कॅन काही पाय चोरत नाही. पेडल तळाला टेकलं, तार छेडली, आणि काटा मध्यावर, म्हणजे बरोबर सुरावर, येण्याआधीच थांबला. त्यांनी कॅनवर हातांनी भार दिला. काटा हलला नाही.

मग त्यांनी वाद्य पलंगावर आडवं करून कडेचे नट पाहिले. प्रत्येक नटावर हिरव्या रंगाचा एक ठिपका होता. ती भाऊजींची खूण. वाद्य लावून दिलं की ते नटावर रंग टाकत आणि बजावत, "याला हात लावायचा नाही. लावला तर माझ्याकडे यायचं नाही." सहाव्या तारेच्या नटावरचा ठिपका अखंड होता, कुठे चीरसुद्धा नव्हती. आयुष्यभर सील बघितलेल्या बाईला आणखी पुरावा नको होता. त्यांनी नटाला हात लावला नाही. तसंच वाद्य पेटीत घातलं आणि पहिल्या रविवारची वाट पाहिली.

खोलीत त्यांना बघून सगळे जरा चपापले. भाऊजी मात्र खुशीत दिसले. "वहिनी, तुम्ही? वा. पण इथे नियम सगळ्यांना सारखा हं."

"म्हणून तर आले," सीलबाई म्हणाल्या आणि स्टुलावर बसल्या.

त्यांनी दादांची चाल वाजवली. वाईट वाजवली. दात बसवणारे डॉक्टर म्हणाले, कांडी थरथरते. बेकरीवाल्या बाई म्हणाल्या, मध्येच थांबता. आणखी पाच-सहा दोष आले, सगळे रास्त, आणि सीलबाईंनी मान न हलवता ऐकून घेतले. भाऊजी नेहमीसारखे शेवटी बोलले.

"काय सांगू वहिनी, वारसा म्हणतात तो हाच. तुम्हीही पाय चोरता. मधलं पेडल तळाला जातच नाही. सहावी तार खाली. दादा परत आल्यासारखं वाटलं."

दोघं-तिघं हसले. पोस्टमास्तरांनी ते लिहून घेतलं. सीलबाई स्टुलावरून उठल्या.

"आता मी उठलेय, बोलू शकते. भाऊजी, बसा इथे."

"मी?"

"एकदा मधलं पेडल दाबून दाखवा. कसं दाबायचं ते शिकते."

भाऊजी बसले. पायाने पेडल तळापर्यंत नेलं, तार छेडली. त्यांचा कान खरोखर तिखट होता, त्यामुळे सगळ्यांत आधी त्यांनाच कळलं. त्यांनी पुन्हा दाबलं. मग पायावर भार टाकून दाबलं, वाद्य किंचित करकरलं. सूर होता तिथेच राहिला.

"पोस्टमास्तर," सीलबाई म्हणाल्या, "भाऊजी पाय चोरतात, असं लिहायचं का?"

कुणी हसलं नाही. भाऊजी खाली वाकले. "दादाने नट फिरवला असणार."

"ठिपका बघा तुमचा. फुटलाय?"

भाऊजी वाकलेले होते ते तसेच राहिले. मग डॉक्टर सावकाश म्हणाले, "ती जाड तार आठवते का? सहावी तार साधी होती, तुम्ही सगळ्यांना गुंडाळलेली जाड लावायला लावलीत. ती तेवढ्या ओढीने पूर्ण चढत नाही, म्हणून सगळ्यांचे नट परत फिरवून दिलेत. माझा दुकानात बोलावून फिरवलात." ते थांबले. "दादांचा?"

"दादाचं काय," भाऊजी म्हणाले, आणि त्यांचा आवाज पहिल्यांदा खाली आला. "घरचंच होतं. म्हटलं सवडीने करू."

"चार वर्षं सवड झाली नाही," सीलबाई म्हणाल्या. "आणि दर महिन्याला त्यांचा पाणउतारा करायला झाली. पोस्टमास्तर, लिहा. दोष नटाचा होता. पायाचा नव्हता. नट भाऊजींनी लावलेला होता. आणि सही यांची घ्या."

पोस्टमास्तरांनी जुनं पान काढलं आणि समासात लिहिलं. पेन पुढे केलं. भाऊजींनी स्टुलावरून उठून सही केली. सीलबाई ते बघत उभ्या होत्या, आणि जे बघायला त्या सहा महिने खपल्या ते बघून त्यांना हलकं वाटायला हवं होतं. वाटलं नाही. भाऊजींचा पडलेला चेहरा बघून बरं वाटलं, पण तेवढंच.

भाऊजींनी पेनाचं टोपण लावलं. ते आता रागाने पांढरे पडले होते.

"दादाला कान होता ना? मीच म्हणतो, चांगला होता. मग त्याला ऐकू आलं नाही?"

"रोज ऐकू येत होतं. पण तुम्ही सांगताय म्हणजे चूक आपलीच, असं त्यांना वाटायचं."

"मी महिन्यातून एकदा सांगत होतो," भाऊजी म्हणाले. "घरात तर रोज वाजत होतं. मी एकदा तुमच्याकडे जेवायला होतो. दादा आतल्या खोलीत वाजवत होता, आणि तुम्ही ताट वाढता वाढता ओरडलात. 'अहो, भाऊजी सांगतात तसा नीट दाबा ना पाय, रोज मेलं तेच तेच.' आठवतं? तो थांबला. मग आला आणि मुकाट्याने जेवला. लोकांची सीलं बघून जन्म गेला तुमचा. त्याची पेटी शेजारच्या खोलीत होती. एकदा तरी वाकून पाहिलंत?"

सीलबाईंना आठवलं. ताटात काय होतं ते आठवलं नाही, पण आतलं वाजणं मध्येच तुटलं होतं ते आठवलं, आणि तेव्हा कानाला जरा आराम वाटला होता, तेही आठवलं. त्यांच्याजवळ उत्तरं होती. दिवसभराचा शीण होता, त्या वाद्यातलं तेव्हा काही कळत नव्हतं, आणि भाऊजींचं ऐका असं घरातल्या शांततेसाठी कोण म्हणत नाही? उभ्या होत्या, बोलू शकत होत्या. डॉक्टर त्यांच्याकडे बघत होते. बेकरीवाल्या बाई म्हणाल्या, "जाऊ दे हो, आता हे कशाला उकरायचं?"

सीलबाई वळल्या आणि परत स्टुलावर जाऊन बसल्या. हात मांडीवर ठेवले. मंडळात सगळ्यांना नियम ठाऊक होता, त्यामुळे त्या का बसल्या हे कुणाला समजावून सांगावं लागलं नाही.

पोस्टमास्तरांनी पेन उचललं, पण टेकवलं नाही. "हेही लिहू?"

सीलबाईंनी होकाराची मान हलवली. इतक्या वर्षांत भाऊजींनी त्या घरातल्या माणसाचा काढलेला हा पहिला खरा दोष होता, आणि पोस्टमास्तरांनी तो सीलबाईंच्या नावापुढे लिहिला.