गुरुवारचे बाबा

फोन धरून बसलेल्या म्हाताऱ्याला लोक माणूस समजत नाहीत, स्टँड समजतात. त्याच्यासमोर सगळं बोलतात. माझ्याकडे किस्से साठले ते असे.

पेणला रामवाडीत आमच्या शेजारी सुनंदा आणि तिची मुलगी पिंकी राहतात. पिंकीचा बाप दिनेश गणपतीच्या कारखान्यात मूर्तींचे डोळे आखायचा. मारामारीच्या एका केसमध्ये तो तुरुंगात आहे आणि जामिनाला नुसत्या तारखा पडतात. दर गुरुवारी थोडा वेळ व्हिडिओवर भेट मिळते, ती माझ्या फोनवर. गणपतीला बाबा घरी येणार का, एवढंच पिंकीला हवं असतं. बाकी सगळं सुनंदाला हवं असतं.

*

"थांब, बाबांना सांगते," ही सुनंदाची धमकी. पण सांगणार गुरुवारी! पिंकीने हे बरोबर हेरलं. सगळे उद्योग ती शुक्रवारी उरकून घेते. पुढचा गुरुवार येईपर्यंत आईचा राग शिळा होतो.

शेवटी सुनंदा वैतागून दिनेशला म्हणाली, "तुमी जेलरसायबांकडून शुक्रवार मागून घ्या."

*

मी बालमानसशास्त्रात डॉक्टरेट केली आहे. तिचा कुणाला उपयोग झाल्याचं आठवत नाही. तरी एकदा धीर करून दिनेशला सुचवलं की सारखं दात, केस, अभ्यास नको, कधी कौतुकही करा. पुढच्या गुरुवारी तो पाठ केल्यासारखा म्हणाला, "बाळा, मला तुझा अभिमान वाटतो."

पिंकी घाबरून उठलीच. "आई, बाबांना ताप आलाय गो!"

मी आठवडाभर माझा प्रबंध चाळत होतो.

*

मे महिन्यात मायलेकी रोह्याला गेल्या, पुलापलीकडे अष्टमी गावात आजीकडे. बाबा बाहेरगावी कंपनीत आहेत, असं सांगायचं ठरलं होतं. शेजारच्या काकूंनी कंपनीची चौकशी केली.

पिंकी म्हणाली, "चांगली हाय. राहायला देतात, जेवायला देतात. फक्त रजा कोर्टातून घ्यावी लागते."

*

अभ्यासाचा विषय निघाला की पिंकी तोंड अर्धं उघडं ठेवून पुतळ्यासारखी बसायची. पलीकडून बघणाऱ्याला वाटावं, नेट अडकलं. दिनेश "हॅलो, हॅलो" करत राही. त्याला खरं सांगावं की नाही, या विचारात माझा वेळ जाई आणि त्याचाही.

एकदा तो शांतपणे म्हणाला, "पिंके, नेट गेलंय, तर तुझ्या मागं कोंबडी कशी चालते?"

पिंकी मान न हलवता म्हणाली, "ती आपली नाय."

*

हा गेल्या गुरुवारचा. गल्लीत रंगवलेल्या मूर्ती टेम्पोत चढत होत्या. आदल्या दिवशी जामिनाची तारीख झाली होती. वकिलाने काय सांगितलं ते सुनंदाला ठाऊक होतं, पण पोरीला तुम्हीच सांगा, असं तिने दिनेशवर सोपवलं होतं.

पिंकीने अभ्यासाची वही न मागता दाखवली. मग विचारलं, "बाबा, गणपतीला येणार ना?"

दिनेश तसाच राहिला. तोंड अर्धं उघडं, डोळे समोर.

त्याच्या मागून एक शिपाई जांभई देत गेला.

"नेट गेलं वाटतं," मी पुटपुटलो.

"व्हय आजोबा, गेलं," पिंकी म्हणाली. मग तीही तोंड अर्धं उघडं ठेवून त्याच्यासमोर बसली. वेळ संपून फोन आपोआप बंद होईपर्यंत दोघांतलं कुणी हललं नाही.