आप्पांनी तपासलेले पत्ते

कामाच्या पहिल्याच दिवशी आप्पांनी मला स्कूटरवर मागे बसवून बेळगावच्या शहापुरात नेलं आणि एका साडीच्या दुकानासमोर उतरवलं. "आत जाऊन इचार, सोमवारी उघडं आसतंय का. डोळ्यानं बघितल्याबिगर पत्ता लिहायचा न्हाय."

पोस्टातून निवृत्त झालेले आप्पा खासबागेतल्या घरून पत्त्यांची एक वेबसाइट चालवत. बेळगाव, खानापूर, निपाणीकडची दुकानं, दवाखाने, कारागीर. माहिती मराठीत आणि कानडीतही. मोबाईलवर कुणी काही शोधलं की आमची साइट पहिल्या पानावर येई.

मग ती घसरू लागली. ज्या कंपनीच्या सर्चवर लोक शोधत, आता वर तिचीच यादी, तिचाच नकाशा. आम्ही चौथ्या पानावर. रोज सकाळी आप्पा विचारत, "आज कितवं पान गं?" सांगताना मी त्यांच्याकडे बघत नसे. कंपनीकडे केलेल्या तक्रारींना ठरावीक उत्तर येई. "दुसऱ्याकडं जावं म्हटलं तर दुसरा हाय कोण? फोन घेतानाच ह्यो आत बसलेला आसतोय," आप्पा म्हणत.

एका दुपारी जांबोटीकडच्या एका माणसाचा फोन आला. बायकोला कळा सुरू झालेल्या, अंगावरून रक्त जात होतं. मोबाईलने दाखवलेल्या खानापुरातल्या प्रसूतिगृहाला कुलूप होतं. ते कधीच बंद पडलेलं. खाली खाली शोधत त्याला आमचा नंबर सापडला होता.

"गाडी वळीव! बसस्टँडच्या मागं, निळं गेट!" आप्पा ओरडले, आणि दुसऱ्या फोनवरून तिथल्या डॉक्टरीणबाईंना कळवलं. मग दोन तास आम्ही फोनकडे बघत बसलो. बाई वाचली, मुलगीही वाचली.

मला हायसं वाटलं. आप्पा मात्र अजून फोनकडेच बघत होते. "ह्येला आपण घावलो. ज्यास्नी घावलो न्हाय, त्येंचं काय झालं आसंल गं?"

दुसऱ्या दिवसापासून ते आमचे पत्ते एकेक करून त्या कंपनीच्या नकाशात दुरुस्ती म्हणून भरू लागले. इतक्या वर्षांची पायपीट, फुकट! मी चिडले. "आप्पा, ज्यांनी आपल्याला बुडवलं, त्यांनाच देताय?"

"माणसं तिथंच बघणार. बरोबर तरी बघू देत."

काही दुरुस्त्या स्वीकारल्या जात, काही कारण न देता नाकारल्या जात. नाकारलेल्या ते पुन्हा भरत. गेल्या वर्षी आप्पा गेले, पाठोपाठ साइटही बंद झाली. राहिलेले पत्ते आता मी भरते. एखादा नाकारला की पुन्हा भरते. तिथे चुकीचं राहिलं, तर माणसाला खाली खाली जाऊन शोधायलाही आता काही उरलेलं नाही.