काठ जुळवणारी वर्ला

आमच्या मॅनिटोवॉक गावात नॉर्ब जेकलने केलेल्या क्यूला, म्हणजे पूल खेळायच्या काठीला, मोठा मान होता. पूल म्हणजे बिलियर्ड्ससारखाच खेळ; तो खेळणाऱ्याच्या हाती ती काठी आली की तो आधी खिडकीपाशी जाऊन ती फिरवून बघायचा, खेळायचं मागाहून. मुठीच्या वर पांढऱ्या मेपलमध्ये काळ्या लाकडाची चार लांब, निमुळती टोकं चढत गेलेली, आणि प्रत्येक टोकाला रंगीत व्हिनिअरचे काठ. केशरी, हिरवा, पांढरा. कागदाहून थोडे जाड असे ते लाकडाचे पापुद्रे. टोकाच्या शेंड्यावर दोन्ही बाजूंचे काठ एकमेकांना असे भेटायचे, की केशरी नेमका केशरीला आणि हिरवा हिरव्याला.

हे काठ नॉर्बच्या हातचे नव्हते. ते वर्ला करायची, त्याची बायको. स्वयंपाकघरातल्या जुन्या पातेल्यात ती व्हिनिअर रंगवायची आणि टेबलावर चिकटवायची. तिच्याकडे जेवायला गेलं की बटाट्याचं सॅलड वाढणाऱ्या हाताची नखं हिरवी दिसत. गावात सगळ्यांना हे ठाऊक होतं. पण काठीवर नाव नॉर्बचं असायचं. वर्लाला त्याचं काही वाटत नाही, असं आम्ही धरून चाललो होतो. तिला कधी कुणी विचारलं नव्हतं.

एका हिवाळ्यात नॉर्ब गेला. दर वसंतात आमच्याकडे माजी सैनिकांच्या लीजन हॉलमध्ये क्यू करणाऱ्यांचं प्रदर्शन भरतं. समोरचा टॅव्हर्न, म्हणजे खाण्यापिण्याचा बार, माझा, म्हणून भरवायचं कामही माझ्याच गळ्यात. नॉर्बची आठवण म्हणून मी वर्लाला परीक्षक व्हायला सांगितलं.

"म्हणजे काय करायचं?" तिने विचारलं.

"बसायचं, कॉफी प्यायची, थोडं बघायचं."

"रॉली, मी बघायला लागले ना, की थोडं बघत नाही."

ती शिवणयंत्राचा दिवा बगलेत मारूनच आली. काठ्यांवरची नावं कागदाने झाकलेली होती. बाकीचे दोन परीक्षक काठीचा तोल बघत होते, पॉलिश बघत होते, शिंपल्याचं जडावकाम बघत होते. ही फक्त काठ बघायची. काठी दिव्याखाली धरायची आणि सावकाश फिरवायची. चारी टोकं एका उंचीवर आहेत का, शेंडा सुईसारखा आहे की बोथट, पापुद्र्याची जाडी खालपासून वरपर्यंत सारखी आहे का, कुठे डिंकाची रेघ तर दिसत नाही ना. एका काठीशी तिने तिथल्या तिथे "ही कुणाची?" म्हणून हाक मारली, तेव्हा ग्रीन बेहून आलेला एक कारागीर पुढे झाला.

"तुझा हिरवा पांढऱ्यात उतरलाय. नीट वाळू दिला नाहीस. एवढी घाई कसली होती?"

"आज प्रदर्शन होतं ना!"

"मग दोष प्रदर्शनाचा म्हणायचा."

तो बिचारा हसला. सगळेच हसले. मग तिच्या हाती एमिल झेलेन्काची काठी आली.

एमिल म्हणजे नॉर्बचा लहानपणापासूनचा दोस्त. गोठलेल्या तळ्यावर दोघं एकाच झोपडीत बसून बर्फाला पाडलेल्या भोकातून मासे धरायचे. नॉर्बच्या शवपेटीला त्याने खांदा दिला होता आणि तेव्हापासून वर्लाच्या दारातला बर्फ तोच काढायचा. त्याच्या कामासारखं काम नॉर्बनंतर दुसऱ्या कुणाचं नव्हतं. पहिला नंबर त्याचाच, हे आम्ही मनात ठरवूनही टाकलं होतं.

वर्लाने काठी फिरवली आणि थांबली. परत फिरवली. चष्मा पुसला. तीन टोकं बघत राहावीत अशी होती. चौथ्याच्या शेंड्यावर मात्र काठ उघडला होता. केसाएवढीच फट, पण केशरीला केशरी भेटला नव्हता. खाली एका बाजूला पापुद्रा जाड, मग पातळ, मग पुन्हा जाड होत गेला होता.

तिने अगदी कमी गुण दिले.

"अगं, एमिलची आहे ती," मी कुजबुजलो.

"नावं झाकायचं तुम्हीच ठरवलं होतंत ना?"

"पण तू ओळखलीस की!"

"ओळखली," ती म्हणाली आणि तिने दिवा बंद केला.

निकाल ऐकून एमिलने काठी पेटीत भरली. जाता जाता सगळ्यांना ऐकू जाईल असं मला म्हणाला, "नॉर्ब असता तर असं झालं नसतं." वर्लाने दिव्याची वायर गुंडाळली.

शुक्रवारी ती माझ्या टॅव्हर्नमध्ये आली, तळलेल्या माशांची तीन पार्सलं बांधून घेतली आणि म्हणाली, "गाडी काढ. एमिलकडे जायचंय."

एमिल कारखान्यात लाकूड कातायच्या लेथपाशी बसला होता. लेथ बंद होती.

"माफी मागायला आलीस?"

"नाही. मासे गार होतायत, ताटं काढ."

त्याने डाव्या हाताने ताटं काढली. वर्ला बघत होती.

"एमिल, उजवा हात पुढे कर."

"कशाला?"

"कर म्हणते ना!"

त्याने हात टेबलावर ठेवला. बोटं थरथरत होती, आपली आपणच, जणू ती त्याची नव्हतीच.

"तीन टोकांपर्यंत हाताने साथ दिली," वर्ला हळू आवाजात म्हणाली. "चौथ्याला ऐकेनासा झाला. इतकं वाकडं काम तू पिऊनसुद्धा करत नाहीस. कधीपासून?"

"नॉर्ब गेला त्याच्या आधीपासून. पेटी उचलायची होती ना, म्हणून मी मुद्दाम डाव्या हाताने धरता येईल अशा बाजूला उभा राहिलो."

"डॉक्टर काय म्हणाला?"

"काहीतरी नाव सांगितलं. मी लक्षात ठेवलं नाही."

"सोमवारी परत जाऊ. मी लक्षात ठेवीन."

एमिलने तोंड फिरवलं. "नंबर दिला असतास तर काय बिघडलं असतं गं?"

"घरी जाऊन मला झोप लागली असती का? खा आता."

औषधं सुरू झाली. सकाळच्या वेळी हात बराच स्थिर राहू लागला. वर्लाने आपली पातेली एमिलच्या कारखान्यात हलवली. लेथ त्याची, काठ तिचे. दोघं दिवसभर भांडायची. तिच्या मते तो टोकं बसवायची खाच उथळ पाडायचा, त्याच्या मते ती डिंक सुकेपर्यंत म्हातारी होणार होती. "झालेच आहे," ती म्हणायची.

पहिली काठी पुरी झाल्यावर त्याने विचारलं, "नाव काय घालू? झेलेन्का आणि जेकल?"

"जेकल म्हटलं की लोकांना नॉर्बच वाटेल." तिने मुठीवर बोट ठेवलं. "वर्ला घाल."

त्याने घातलं.

पुढच्या वसंतात तिने परीक्षकाची खुर्ची सोडली आणि काठी प्रदर्शनात ठेवली. तिसरा नंबर आला. मिल्वॉकीच्या परीक्षकाने सांगितलं की एका टोकाचा पांढरा काठ डावीकडे किंचित पातळ आहे.

"आंधळा आहे तो!" एमिल भडकला.

वर्ला काठी घेऊन खिडकीपाशी गेली आणि बराच वेळ फिरवत राहिली. मग म्हणाली, "आंधळा नाही रे. बरोबर आहे त्याचं. इथे मी जास्त घासलंय." आणि त्या परीक्षकाला शोधून तिने हाताला धरून आणलं. "कुठून बघितलंत? मला दाखवा." दोघांची डोकी काठीवर अशी जुळली, की बाहेर शेगडीवर माझे सॉसेज करपले तरी त्यांना पत्ता नव्हता. तिचा चेहरा इतका उजळलेला मी नॉर्बनंतर पहिल्यांदाच पाहिला.

संध्याकाळी सगळे टॅव्हर्नमध्ये जमले. एमिलने ती काठी वर्लाच्या हातात दिली. तेव्हा कळलं, की या बाईने जन्मात कधी पूल खेळलेला नाही. तिने काठी धरली, डोळा बारीक केला, मारली. पांढरा चेंडू, जो खिशात जायलाच नको, एकाही चेंडूला न शिवता थेट टेबलाच्या खिशात जाऊन पडला.

"काठी वाकडी आहे," वर्ला म्हणाली.

एमिल हसता हसता खुर्चीत बसला. मग उठून त्याने चेंडू काढून परत टेबलावर ठेवला. "हं, मार परत. कोपर खाली."