दादा शोधत असलेला फॉल्ट

माझा थोरला भाऊ वॉशिंग मशीन दुरुस्त करतो, आणि गेलं वर्षभर त्याने माझं डोकं पिकवलं आहे. दोन्ही गोष्टींचा संबंध आहे, म्हणून आधी मशीनचं सांगतो.

दुकान आम्हा दोघांचं. मी गिऱ्हाइकं सांभाळतो, दादा मशीन उघडतो. दुरुस्ती झाली की बिघडलेला पार्ट फडक्याने पुसून तो गिऱ्हाइकाच्या हातावर ठेवणार, हा त्याचा रिवाज. झिजलेला पट्टा, गंजलेलं बेअरिंग, पंपात अडकलेलं बटण. "हा बघा, हा होता," म्हणणार आणि मग हा पार्ट कंपनीतूनच तसा आला की वापरून गेला, ते समजावणार. गिऱ्हाइकाला धुतलेले कपडे हवे असतात, त्याला या पुराणाशी काही देणंघेणं नसतं. पण ऐकल्याशिवाय सुटका नाही. एकदा एका मशीनची घरघर आपोआपच थांबली, तर दादाने ते मशीन आठवडाभर अडकवून ठेवलं, कारण घरघर का होत होती ते कळलं नव्हतं. मालकीणबाई रोज येऊन भांडायच्या. मशीन चालत होतं हो.

अशा माणसाला त्याच्या मुलीने सांगितलं की तिला मुलगे नाही, मुली आवडतात, आणि एका मुलीबरोबर ती संसार मांडून राहते आहे. तिला आम्ही सगळे भिंगरी म्हणतो, कारण लहानपणी ती एका जागी बसेल तर शपथ. दुसऱ्या शहरात लिफ्टच्या कंपनीत नोकरी करते, नीट खाते-पिते, खळखळून हसते. हे ऐकून दादा रडला नाही, ओरडला नाही. मला बरं वाटलं. त्याने मनातल्या मनात स्क्रू सैल करायला घेतले आहेत, हे मला काय माहीत?

आधी त्याने वापराची बाजू धरली. सुट्टीत भिंगरी दुकानात बसून पाना चालवायची, त्याने झालं का? वहिनी तिचे केस बारीक कापायची, त्याने? मुलींच्या होस्टेलवर ठेवलं, त्याने? होस्टेलचा मुद्दा वहिनीला झोंबला, कारण तो हट्ट तिचा होता. मी म्हटलं, अरे, त्या होस्टेलच्या बाकीच्या मुलींच्या लग्नात तूच जेवून आलास ना? ते त्याला पटलं, पण गप्प बसण्यापुरतं नाही. त्याने दुसरी बाजू धरली. रक्ताची.

मग दोन्हीकडचे गेलेले नातेवाईक उकरून काढणं सुरू झालं. आमची एक आत्या जन्मभर मैत्रिणीबरोबर राहिली होती, ती वहिनीने लगेच पुढे केली. दादाने वहिनीच्या मामांना ओढलं, जे बिचारे निव्वळ तिरसट होते म्हणून एकटे राहिले. एका दुपारी दादा माझ्याकडेही निरखून बघायला लागला. मी चाळिशीत लग्न केलं, एवढाच माझा गुन्हा. घरी जाऊन बायकोला सांगितलं, तर ती पोट धरधरून हसली. मला मात्र हसू येईना.

शेवटी मी त्याला एका मानसोपचाराच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. त्यांनी शांतपणे सांगितलं की याचं एकच एक कारण कोणालाच सापडलेलं नाही. काही जनुकांतून येतं, काही आईच्या पोटात असतानाच ठरत असावं, सगळं अजून कळलेलं नाही. आईवडिलांच्या वळण लावण्याने असं होतं याला पुरावा नाही. आणि हा आजारच नाही, तेव्हा औषधही नाही. बाहेर आल्यावर दादा म्हणाला, "यांना फॉल्ट सापडत नाहीये. दुसरीकडे दाखवू." मी तिथेच पायरीवर बसकण मारली.

हे सगळं भिंगरीला कळत होतं, कारण दर फोनला तो तिला नवी शंका विचारायचा. लहानपणी कोणी त्रास दिला का, कोणाचं बघून शिकलीस का. आधी ती नीट उत्तरं द्यायची, मग चिडायला लागली, मग त्याचे फोनच घेईनाशी झाली. आणि एक दिवस तिने मला फोन केला. "काका, रविवारी मी तिला घेऊन घरी येते. बाबांना एकच सांगा, असं का झालं हे विचारायचं नाही. विचारलं तर मी उठेन आणि पुन्हा त्या घरात येणार नाही." ती बोलेल तसंच करणार हे मला माहीत होतं, शेवटी दादाचीच मुलगी. वहिनीने माझ्यादेखत दादाकडून कबूल करून घेतलं. त्याने मान डोलावली.

रविवारी दोघी आल्या. मैत्रीण जनावरांची डॉक्टर, उंच, बोलणं हळू, मनगटावर मांजराचे ओरखडे. दादाने स्वतः दार उघडलं, तिला पंख्याखालची खुर्ची दिली. चहा झाला. लिफ्ट मध्येच अडकते ती कशाने, असं त्याने भिंगरीला विचारलं आणि बापलेक टेबलावर कप-बशा मांडून ब्रेक नि दोरांच्या गप्पांत रंगले. वहिनी माझ्याकडे बघून हसली. तिला असं हसताना मी कितीतरी दिवसांनी पाहत होतो. तेवढ्यात दादा मैत्रिणीकडे वळला.

"तुम्ही डॉक्टर आहात म्हणून विचारतो. जनावरांतही असतं का हो असं?"

मी टेबलाखालून त्याचा पाय दाबला.

"असतं की, काका," ती म्हणाली. "मेंढ्यांत असतं, पक्ष्यांत असतं."

"मग ते जन्मतःच असतं, का कळपात राहून होतं?"

भिंगरी उठली. आवाज तिने चढवला नाही.

"बाबा, माझ्यातून काय काढून तुम्हाला हातावर ठेवून हवंय?"

मैत्रिणीने वहिनीचा हात हातात घेतला, येते म्हणाली, आणि दोघी निघून गेल्या. वहिनी आत जाऊन दार लावून बसली.

"पण मी भिंगरीला कुठे विचारलं?" दादा मला म्हणाला.

मला इतका संताप आला की समोरची बशी फोडावीशी वाटली. मी विचारलं, "कारण सापडलं असतं तर काय करणार होतास?"

तो कपाचा कान कुरवाळायला लागला. मग म्हणाला, "माझ्या हातून काही चुकलं नाही ना, एवढंच कळायला हवं होतं."

"अरे, चुकायला आधी काही बिघडलंय का? कुठे काय बिघडलंय, दाखव मला."

त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. इतका चिडलेला असूनही मला गलबलून आलं. मी म्हटलं, हेच तिला सांग. काही बिघडलेलं नाही, परत ये, एवढंच. पुढे एक अक्षर बोलू नकोस. त्याने माझ्यासमोर दोनदा म्हणून दाखवलं आणि फोन लावला. तिने उचलला. वहिनी दार उघडून बाहेर आली.

"अगं, काही बिघडलेलं नाही," दादा म्हणाला.

तिकडून आवाज नाही, पण फोन चालू होता. ती ऐकत होती. मी हाताने त्याला खुणावत होतो, परत ये म्हण, परत ये म्हण.

"म्हणजे बघ," दादा म्हणाला, "ती आमची आत्या होती ना, मला वाटतं तिच्याकडूनच हे..."

फोन बंद झाला. दादाने तो कानापासून दूर धरून उलटसुलट करून पाहिला.

"रेंज गेली वाटतं," तो म्हणाला.

वहिनीने टेबलावरचे कप गोळा केले. रेंज पूर्ण होती.